पाय ओळखणारा माणूस आणि टेनिस

माझं माहेर पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आणि दिली मला इकडं नरडाण्याच्या बाजूला, सपाटीला, तर पहिलं वर्षभर मला काय वाटायचं सांगू ताई, इथं आभाळच जास्तीचं शे. बाप माझा शेळ्या पाळायचा आणि स्थळ आलं ते बैलबाजारातल्या दलालाचं. दलाल म्हटल्यावर मावशीनं तोंड वाकडं केलं, म्हणे त्याचं काय खरं. पण बाप म्हणाला, आगं दोन परकी माणसं ज्याच्यापाशी आपला पैसा ठेवतात तो खोटा कसा राहील. आणि खरं व्हतं ते, बापाचं काही चुकलं नव्हतं, हे मी आजही म्हणते, ह्यांचा राग आला तरी म्हणते.

आता तुम्ही शहरातल्या, तुम्हाला रीत सांगावी लागंल. बैल घेणारा पैसे विकणाऱ्याच्या हातात देत नाही, दलालापाशी ठेवतो, आणि बैल घरी नेऊन औताला जुंपून पाहतो. नीट चालला की दलाल ते पैसे विकणाऱ्याला देतो. आणि औतात बसला, लंगडला, तर सौदा मोडला, बैल परत, पैसे परत, कोणी कोणाला शिवी द्यायची नाही. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. मधले दिवस तो पैसा आमच्या घरात, डाळीच्या डब्यात. त्या दिवसांत मी डब्याला हात लावायची नाही, वरण नाही झालं तर नाही झालं.

आणि ह्यांची नजर, काय सांगू तुम्हाला. बैल चार पावलं चालला की सांगणार, मागचा डावा दुखतो. माणसांचंही तेच. लग्नात नवरदेव मांडवात येतो न येतो तोच माझ्या कानाशी, ह्याच्या गुडघ्यात काहीतरी शे. अहो गप बसा, मी म्हणायची. माझ्या भाचीच्या नवऱ्याचं तर खरंच निघालं, पण ते जाऊ द्या.

टेनिस आमच्या घरात कुठून येणार ताई, आमच्या सात पिढ्यांत कोणी ते बघितलं नव्हतं. बाजारात एका व्यापाऱ्यानं ह्यांना फोनवर दाखवलं की ह्याच्यावर पैसे लावता येतात. क्रिकेटवर लावणारे आमच्याकडं पुष्कळ, पण हे म्हणायचे, तिथं अकरा जण, कोणाकोणाचे पाय बघणार, इथं दोनच माणसं, समोरासमोर, अर्धी चड्डी घालून, चारी पाय, बठ्ठेच्या बठ्ठे, उघडे दिसतात. झालं, ते व्हिडिओ बघायला लागले, नवीन माणसानं कसं लावायचं, कधी लावायचं. मला पण शिकवायचे. पंधरा, मग तीस, मग चाळीस. मी म्हटलं पंचेचाळीस का नाही, तर म्हणे तुले काय समजस. त्यांना तरी कुठं माहीत व्हतं. आणि दोघांचं चाळीस-चाळीस झालं की ते संपतच नाही, एकानं लागोपाठ दोन घ्यायला पाहिजेत, एक घेतो, दुसरा फेडतो, पुन्हा तिथंच. सुरवातीला घरचेच पैसे लावले, थोडे, आणि आलेही. मला साडी आणली, मी नेसले पण, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी दुपारी, आखाजी, तुमची अक्षय तृतीया, नुकतीच झाली व्हती, ऊन असं की कुत्रं रस्त्यावर नाही, आणि दारात रामदास नाना. म्हातारा माणूस, आमच्याकडून बैल नेला व्हता, जोडीतला एक मेला म्हणून. तोच बैल कासरा धरून मागं चालवत आणलेला. म्हणे, अक्का, औतमा बसी गया, उठेच ना. पैसा द्या, मी निंघस. दोंडाईच्याकडं दुसरा बैल पाहून ठेवला व्हता त्यांनी, संध्याकाळपर्यंत पैसे नेले नाहीत तर तो बैल दुसऱ्याचा. मी म्हटलं बसा नाना, आणि आत गेले, डब्याला हात घातला, तर खाली नुसती डाळ.

हे आतल्या खोलीत, खाटेवर, फोन उशीला टेकवून. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला विचारायचीच गरज राहिली नाही. आवाज न करता म्हणाले, सकाळी बँकेत भरून ह्याच्यात टाकले, सामना आत्ता संपंल, दुप्पट येतील, नानाला बसवून ठेव. मी म्हटलं, अहो तो परका पैसा शे. म्हणे दख ना, तो लंगडस. दख. आणि बोट लावून दाखवलं, एक उंच गोरा पोरगा, निळ्या बनियनचा, उजवा पाय जरा ओढत व्हता. ह्यांनी त्याच्यासमोरच्यावर लावलेले. म्हणे आते तो बसी जाई, मन्ही नजर कधी चुकस नही.

मी बाहेर पाणी नेलं. मग चहा नेला. नानांनी ह्यांचं नाव घेऊन विचारलं, भगवान कथा शे, कुठं गेला, मी म्हटलं झोपलेत, डोकं दुखतंय. ताट वाढते म्हटलं, कळण्याची भाकर शे, ठेचा शे, तर म्हणे नही अक्का, पैसा हातमा उना का जेवस. आणि त्या म्हणण्यात काही खोच नव्हती ताई, त्यांच्याकडं तसं, सौदा मिटल्याशिवाय त्या घरी जेवायचं नाही. पण मला ते लागलं. मी आत गेले तर त्या लंगड्याला खाली बसवून कोणी तरी पायाला पट्टी बांधत व्हतं, मालीश करत व्हतं. हे हसले. आणि मग तो उठला, दोन उड्या मारल्या, आणि असा खेळायला लागला की समोरचा नुसता पळत सुटला. ह्यांचं हसू गेलं. बैलाला ताई एकदा लंगड लागली की महिना जातो, ह्यांना वाटलं माणसाचंही तसंच. माणसाला पट्टी बांधली की तो खेळतो, हे ह्यांना कोणत्या व्हिडिओनं सांगितलंच नव्हतं.

बाहेर नाना उठून बैलाला पाणी दाखवत व्हते. ऊन भिंतीवर चढत चाललं. मी आत, बाहेर, आत, बाहेर. चाळीस-चाळीस. पुन्हा चाळीस-चाळीस. त्या पोराला चेंडू लागावा नाही तर न लागावा, मला कळत नव्हतं कोणाचं चांगलं झालं की आपलं जातं, मी नुसतं ह्यांचं तोंड बघायची. घामानं खाट ओली. मी देवाचं नाव घेतलं आणि मला माझीच लाज वाटली, कोणाचा पाय मोडावा म्हणून मी देवाला हात जोडत व्हते. कोणाचं तरी लेकरूच ना ते.

आणि तो थांबला, ताई. एकदम. ती जाळीची काठी खाली ठेवली, समोरच्याजवळ लंगडत गेला, हातात हात दिला, पंचाला काहीतरी बोलला आणि पिशवी उचलून निघाला. हे उडी मारून उठले, पाहिलं, पाहिलं, बसी गया ना, मी म्हने व्हतू ना. डोळ्यात पाणी त्यांच्या. मी भिंतीला टेकले. मग त्यांनी फोन बघितला. पुन्हा बघितला. पैसे आले व्हते, पण तेवढेच, जेवढे टाकले तेवढे. सामना पुरा झाला नाही म्हणून सौदा रद्द, रक्कम परत, असं लिहिलेलं. ह्यांनी अशी शिवी दिली की बाहेर नानांनी मान वर केली असंल. चोर शेतस, म्हणे, मी बरोबर सांगितलं तरी देत नाहीत. मी म्हटलं, अहो तुमच्याच बाजाराची रीत शे ना ही, बैल बसला की सौदा मोडला, पैसे परत, बाहेर नाना काय वेगळं मागतात.

ऐकलं नाही त्यांनी. ऐकतच नव्हते. बोट फिरवत व्हते फोनवर. म्हणे दुसरा सामना लागलाय, एक बाई शे, तिच्या खांद्यात काहीतरी शे, फक्त अर्धा तास. आणि ते सगळेच्या सगळे पुन्हा लावत व्हते. तेव्हा मी घाबरले, आधी घाबरले नव्हते तेवढी. मी फोन ओढला. ते माझ्यावर हात उचलतील असं वाटलं, उचलला नाही, देवाची कृपा. मी सरळ बाहेर गेले आणि नानांच्या हातात फोन ठेवला. म्हटलं, नाना, तुमचा पैसा ह्याच्यात शे, ह्यांनी जुगारात घातला व्हता, वाचला, बँकेत यायला उद्या उजाडंल, तोवर हा तुमच्यापाशी ठेवा, ह्यांना देऊ नका, ते मागायला आले तरी देऊ नका.

नानांनी फोन मुठीत धरला. हे दारात येऊन उभे राहिले. नाना त्यांच्याकडं बघून म्हणाले, भगवान, तुना बापनी मन्हा पैसा कधी घरबाहेर जाऊ दिधा नही. बास. फोन धोतराच्या कनवटीला खोचला, बैल तिथंच सोडला आणि पायी निघाले. दोंडाईच्याचा बैल गेला त्यांचा. तीही आमचीच करणी.

पैसे आले दुसऱ्या दिवशी, मी स्वतः नेऊन दिले, फोन परत आणला. नानांनी गावात कोणाला सांगितलं नाही, तसा माणूस नाही तो. पण आमच्या दारात पुन्हा आले नाहीत. बाकीचे लोक अजून पैसे ठेवतात, ह्यांच्यापाशीच ठेवतात, आणि ते आले की मी उठून उभी राहते, मोजून माझ्या ताब्यात घेते. हे मोजू देतात. बाजाराला जातात, सौदे करतात, नजर तशीच शे.

टेनिस बंद का, विचाराल तर मला माहीत नाही. सांगतात बंद. पण माझं एक ऐका ताई, त्या दिवशी ते हरले असते ना, सगळे गेले असते, तर मी माझं मंगळसूत्र विकून नानांचे पैसे फेडले असते आणि हा माणूस ह्या नादातून सुटला असता. पण त्यांचं खरं निघालं. तो पोरगा खरंच लंगडत व्हता. आता ज्याचं खरं निघालं त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की तुम्हाला कळत नाही म्हणून. रोज संध्याकाळी ते बाजारातून येतात तेव्हा मी आधी तोंड बघते, मग पाण्याचा तांब्या देते. चाललंय. तुमच्या घरी सगळ्यांना सुखाचं राहो, बाई. या पुन्हा, पुढच्या वेळी जेवूनच जा.