गोऱ्या सुनेले लाखोरीची पातोडी

एवढी बयताड बाई तुम्ही पाह्यली नसन जी, गोऱ्या सुनेले एका जेवणात लंगडी करून टाकलं असं समजून मी रांधणीत कोठीमागं लपली होती. आता नातवंडं हसतात, हसा म्हणा, पण तवा माझी काय गत झाली थे मलेच ठाऊक.

माहेर माझं एकोडी, सासर आंधळगाव, घरात हातमाग. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्यानंतरची गोष्ट. पोरगा दिलीप नागपूरच्या हाटेलात रांधता रांधता इंग्लंडले गेला, तिथं एका बांगलादेशी मालकाच्या हाटेलात लागला. फोनवर सांगे, माय, इथं गावोगावी आपल्यासारख्या रश्श्याची हाटेलं हायेत, त्याले करी म्हणतात, शुक्रवारी गोरे बिअर पिऊन येतात अन् करी हाणतात, संग तळलेले आलू. मी म्हणो, फेकू नको, गोरे पाव खातात. तर तिथंच बापासंग दर शुक्रवारी करी खायले येणारी पोट्टी, एमा, तिच्याशीच यानं लग्न केलं अन् घेऊन आला घरी. थोडी मराठी शिकवून आणली होती.

आल्याबरोबर म्हणते, आई, मला करी आवडते. आता करी कायले म्हणतात मले काय माहीत, रस्साच असन म्हणून पातोडीचा, म्हंजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला. चण्याचं बेसन सरलं होतं, लाखोरीचं घेतलं. धान उभा असतानाच त्याच्या बांधीत जिचं बी फेकतो थे लाखोरीची डाळ, आमचं रोजचं खाणं, पण लई खाल्ली त पाय जातात म्हणतात, विकायले बंदी होती तवा. आमाले काही झालं नाही, पण थे परक्या मुलखाची पोर.

बसली बापा मांडी घालून. घाम पुसे, नाक पुसे, अन् वाढा म्हणे. जेवण झालं, उठाले गेली अन् धपकन खाली. पुन्हा उठली, पुन्हा खाली. ओरडते, आई, पाय नाही! पाय नाही!

मी धावत जाऊन कोठीमागं लपली. डोळ्यापुढं दारात पोलीस दिसाले लागले, अन् त्याहून मोठं भेव हे, का दिलीप आता या घराचा उंबरठा चढत नाही. आमचा बुढा, दिलीपचा बाप, म्हणे, काहून लपून राहिली वं? म्हटलं, लाखोरी घातली जी मी. त्यानं कपाळच धरलं.

बाहेर गेली, तिच्या पायाले तेल चोळत रडत बसली, पोरी, मीच तुले लुळी केलं. तेवढ्यात दिलीप आंगणातून आला, पाहते तं काय, हसाले लागला. माय, मुंग्या आल्या तिच्या पायाले, जन्मात मांडी घातली नाही तिनं.

हळूहळू उठली थे, माझे तेलकट हात धरले अन् बोलली, तिचेच शब्द सांगते, आई, हे खूप छान, पण ही करी नाही. करी आमच्याकडे असते. तुम्ही या, मी तुम्हाला खरी करी देते.