भिंतीआडचा बहिरा

तुम्हाला सांगतो, हे अख्खं घर मी स्वतः बांधलंय! म्हणजे... खुर्चीत बसून बोट दाखवत होतो, आणि तेव्हाचा गवंडी नेमका दुसरीकडे बघत होता, ते सोडा. पण त्यात एक भिंत होती हो! इकडे माझी खुर्ची, तिकडे स्वयंपाकघर. पलीकडून आमची ही ओरडायची, "अहो, नळ गळतोय!" "अहो, कचरा टाकून या!" आणि मी पेपरात डोकं घालून मख्ख! जाब विचारला की म्हणायचं, "भिंत जाड आहे गं, ऐकूच येत नाही." सगळा संसार त्या आडोशाला सुखात गेला.

आणि पोरगा म्हणतो, "बाबा, मागे खोली वाढवतोय, तर ही भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडू. कसं ऐसपैस!" पोटचा पोरगा! विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सांगा!

मी काय कच्चा? शाळा लवकर सोडली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं, पण थापा मारायला शाळा कशाला लागते? ठोकून दिलं, "अरे, हिच्यावर वरचा मजला उभा आहे! हात लावलात तर तुझी आई पलंगासकट खाली ओट्यावर येईल!" आता मला काय ठाऊक होतं, कपाळ? पण गवंडी आला, वर-खाली फिरला, ठोकून बघितलं आणि म्हणाला, "आजोबा बरोबर बोलतात. वरची भिंत हिच्याच डोक्यावर आहे." माझी थाप खरी निघाली! जन्मात पहिल्यांदा! मी मिशीला पीळ भरला, "मग? राहू दे आता!"

"राहू दे कशाला?" गवंडी म्हणतो. "वर भोकं पाडू, आरपार तुळया घालू, दोन्हीकडून टेकू देऊ. भार टेकूंवर गेला की खालचं फोडायचं आणि गर्डर बसवायचा." माझीच थाप मलाच उलटली, आणि या माणसाला मी स्वतः उठून चहा दिला होता हो! विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

झालं! खुर्चीच्या आजूबाजूला लोखंडी टेकूंचं रान. भोकं पडली, पलीकडची चमच्याची किणकिणसुद्धा कानात यायला लागली. पण मी मख्खच! नवं सोंग काढलं, कानच गेलेत म्हटलं. आता करा काय करायचं ते!

तेवढ्यात पलीकडून हिची कुजबुज... "मिस्त्री, त्यांच्या खुर्चीमागचा टेकू सरकलाय ना? त्यांना कळू देऊ नका हं, घाबरतील."

"हळू बोला आजी, अजून सरकतोय..."

अहो, पेपर एकीकडे, चष्मा एकीकडे, मी थेट अंगणात! "पळा! टेकू सरकला! अगं, बाहेर ये आधी!"

परत आत येऊन बघतो तर टेकू आपला ताठ. पोरगा पोट धरून खाली बसलेला, गवंडी थापीआड तोंड लपवतोय... सगळे सामील! अख्ख्या गल्लीला टोप्या घातल्या मी, आणि मला घरच्यांनी? विश्वास ठेवायचा तरी...

तर पलीकडे ही स्टुलावर चढली, भोकाला तोंड लावलं आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, "कुजबुज बरी पोचली हो भिंतीतून! मग इतकी वर्षं माझ्या हाकाच तेवढ्या कुठे अडकत होत्या?"