आतल्या अस्तराचं दुखणं

सोंग? — असं म्हणू नगंस गं पोरी, सासू हाय तुझी ती — न्हाय, मी तुला बोल लावत न्हाय, तू आजऱ्यास्नं पहिल्या यष्टीनं तिला घिऊन आलीस, आत तिची तपासणी चाललीया आन् तू हितं बाकावर ताटकळत बसलीयास, म्हंजे माया हायच की — पन आत्ता काय म्हणालीस, "रिपोर्ट सगळं नॉर्मल, तरी कण्हतीया, नुसतं सोंग हाय" — ते तेवढं मागं घे. का? सांगते की. कारन सोंग कसं करत्यात ते ह्या आख्ख्या दवाखान्यात माझ्यापरीस जास्त कुनाला म्हाईत न्हाय. सरक जरा, टेकू दे. मला आज घरी सोडत्यात, मालक खाली औषधं आनायला गेल्यात, तवर मोकळीच हाय मी.

मला सगळी आक्का म्हणत्यात, तू बी म्हण. राधानगरी रोडला आमचं गाव, दारात सात म्हशी, आन् आमचं मालक — सयाजीराव — घेतलं बघ नाव, तू काय कुनाला सांगनार हाईस — तर आमच्या मालकांनी लगीन झाल्यापास्नं कवा कपबशी इसळली न्हवती. दूध घालायचं डेरीला, तालमीत जायचं, चावडीवर बसायचं, आन् घरात आलं की "आगं च्या!" — बास, एवढंच काम. मग पन्नाशीला माझी पाळी गेली आन् अंगातनं वाफा सुरू झाल्या. तुला काय कळनार, तू अजून तरणी — भर थंडीत भाकरी थापताना कानशिलं तापायची, घामाच्या धारा, वाटायचं चुलीत मीच बसलीया. एक दिस मालकांनी ते बघितलं आन् असं घाबरलं, असं घाबरलं — मला हाताला धरून बाजल्यावर बसवलं, पंखा लावला आन् सोता च्या ठेवला. अर्धा च्या शेगडीवर, अर्धा कपात, साखर तीन माणसांची. पन काय सांगू पोरी, तसला च्या मी जन्मात प्याले न्हवते. पैल्यांदाच कुनीतरी करून हातात दिलेला. तर दुसऱ्या दिशी — आता खरं सांगते — दुसऱ्या दिशी वाफ काय आली न्हवती. पन मी पदरानं वारा घातला.

हसू नगंस. तू काय केलं असतंस? पदरावर महिना काढला, मग त्यांना सवय झाली, मग मी छातीवर हात ठेवायला लागले — "धडधडतंय वो" — की आलं घालून च्या. हळूहळू पोहं बी करायला लागलं, सांजची धार बी काढायला लागलं. चुलतदिराच्या वास्तुशांतीला चारशे पुऱ्या लाटायच्या हुत्या, मला नेमकं तवाच धडधडलं. नणंदंच्या घरी शेंगा फोडायला जायचं ठरलं, धडधडलं. चार वर्सं चाललं माझं झ्याक. सून माझी, स्नेहल, लई हुशार, ती मला बघून ओठ दाबून हसायची, पन बोलली न्हाय कवा. दोघी बायकाच की आमी.

आन् मग औंदा दिवाळी झाल्यावर खरं झालं. वैरणीचा भारा घिऊन चढावर आले — छातीत न्हवं गं! छातीत झालं असतं तर मला वळखू आलं असतं. इकडं, जबड्यात, दाढ दुखती तसं, आन् पाठीत दोन फऱ्यांच्या मधी कुनी अंगठा रोवल्यागत. दम वर येईना, खाली जाईना. बांधावर बसले, भारा तितंच टाकला. आन् मनात काय आलं म्हाईत हाय? — आक्के, इतकी वर्सं खोटं केलंस, आता ते अंगात मुरलं. म्हणून सांगितलंच न्हाय कुनाला. खोटं दुखताना गावभर सांगितलं आन् खरं दुखलं तवा तोंड मिटून बसले, बघ माझी अक्कल. आठवड्यातनं दोनदा व्हायचं, तीनदा व्हायचं. मी म्हणायची दाढ हाय, लवंग चावायची. तीन महिनं लवंगा चावल्या.

मग एक दिस गोठ्याच्या दारातच बसले, तोंड पांढरं फटक. मालक आलं, काय न इचारता च्या करून आनला. म्या कप हातात घेतला न्हाय. नगं म्हटलं. तर माणूस जागच्या जागी थांबला. स्नेहलला हाक मारली, म्हणालं, "हिनं च्या नगं म्हटलाय. गाडी काढा."

न्हेलं एका मोठ्या दवाखान्यात. मनगटातनं तार घातली, हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढला — सगळ्या मोकळ्या! डाक्टर म्हणाला, "काही नाही, गॅस आहे, टेन्शन घेऊ नका." घरात पेढं वाटायचं बाकी ऱ्हायलं. दीर तर मालकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दादा, वैनीनं लई च्या उकळून घेतला तुझ्याकडनं!" सगळी हसली, मी बी हसले. पन आतनं मी घाबरले, पोरी. खरंच घाबरले. कारन दुखायचं काय थांबलं न्हवतं, आन् माझंच मला कळंना, हे दुखतंय का मी दुखवतीया. आपल्याच अंगावरचा इस्वास गेला की माणूस कुटं जानार?

स्नेहलचा मातर बसला इस्वास. कुनाला न इचारता तिनं हितला नंबर लावला, ह्या मैथिली डाक्टरीणबाईंचा. तुझ्या सासूला आत तपासत्यात त्याच. पोरगीच हाय, दोन येण्या घातल्या तर कालेजात खपंल. पैला सवाल काय, तर "पाळी कधी गेली?" म्या म्हटलं, बाई, तुमी हृदयाच्या का बाळंतपनाच्या? तर हसल्या आन् कागदावर नळी काढून दाखवली. म्हणाल्या, नळीला आतनं अस्तर असतंय, पेशींचा एकच थर, एकीला एक चिकटून. बाईच्या अंगात इस्ट्रोजन म्हणून हार्मोन असतंय, ते त्या पेशींस्नी जाऊन सांगतंय, मग त्या पेशी जराशा गॅस सोडत्यात, त्यानं नळी सैल पडती, रगत मोकळं व्हातंय. म्या म्हटलं, आता गं बया, गॅस? मागचा डाक्टर बी गॅसच म्हणालता! तर म्हणाल्या, तो पोटातला हो आक्का, हा नळीतला — आन् पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या. पाळी गेली की ते हार्मोन लई कमी हुतंय, अस्तराचं काम ढिलं पडतंय, नळ्या ताठरत्यात, कवा कवा आकसत्यात. सगळ्या बायकांचं असं हुतंय असं न्हाय, पन तुमच्यासारखीचं बारक्या नळ्यांत असंल, न्हाईतर मोठी नळी मधनंच आकसून परत मोकळी हुत असंल, तर साध्या फोटोत दिसत न्हाय. म्हटलं, मग ते हार्मोन द्या की बाटलीतनं. तर म्हणाल्या, ते इतकं सोपं न्हाय, हृदयासाठी म्हणून त्या गोळ्या देत न्हाईत, काहींना उलटंच पडतंय.

मग काल पुन्हा तार घातली. ह्या बारीला तारंतनं एक औषध सोडलं. चांगलं अस्तर असलं तर नळी सैल व्हाय पायजे. आन् माझी — मी पडद्यावर बघत हुते — माझी नळी अशी आकसली, दोऱ्यागत, आन् त्याच घटकंला जबडा दुखला. तीच दाढ! डाक्टरीणबाईंनी लगीच दुसरं औषध दिलं, मोकळं झालं, आन् म्हणाल्या, "आक्का, हे बघा तुमचं दुखणं. खरं आहे." मी रडले गं. दुखलं म्हणून न्हाय. पडद्यावर दिसलं म्हणून.

त्या रडण्यातच माझ्या तोंडातनं सगळं गेलं — पदर, च्या, चारशे पुऱ्या. बाईंनी हासून घेतलं, मग माझा हात धरला आन् म्हणाल्या, "छातीचं नाटक आता परत नाही. उद्या खरंच दुखेल आणि कोणी धावणार नाही." शपथ घातली जोतिबाची. घेतली म्या. गोळ्या टायमावर, चालणं, मीठ कमी — सगळं कबूल.

म्हणून म्हणते, सासूला इचारलंस कवा, नेमकं कुटं दुखतंय? जबडा? पाठ? पाळी जाऊन किती वर्सं झाली? — बघ, इचारलंच न्हाईस. जा, बाईंपुढं तिच्याशेजारी उभी ऱ्हा, आन् जे जे तिनं घरी सांगितलंय ते ते बोल, वरचं सोंगबिंग तुझ्या पदरचं घालू नगंस. आन् हे बघ, आमच्या मालकांस्नी ह्यातलं काय बी ठाव न्हाय हां — म्हंजे चार वर्सांचं — का ठाव असंल? दिराच्या त्या थापंला ते हसलं न्हवतं, आता ध्यानात येतंय... जाऊ दे, ठाव असंल तर असू दे.

आलं बघ, जिन्यात हाईत, पिशवी घिऊन. ऊठ, पळ आत. शपथ छातीची घातलीया, गुडघ्याची न्हाय — गाडीपतोर मला लंगडत जायचं हाय.