आबांचा ओटीपी

चहा येईस्तोवर ऐका. शेअर बाजारात मी वाचलो तो फक्त आबांमुळं, म्हणजे माझ्या बापामुळं.

कॉलेज सोडून मी मोबाईलवर ट्रेडिंगचे व्हिडिओ बघत होतो. आमचे काका रिटायर्ड मास्तर. जन्मभर पोरांना अक्कल शिकवली आणि स्वतः ग्रुपवरच्या टिपा डोळे झाकून घेतात. परंड्याहून फोन करून एका शेअरचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "आजच घे रे. उद्या ह्या भावात मिळायचा न्हाय."

माझ्याकडं दमडी नव्हती. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे मात्र आबांच्या खात्यात होते. म्हणून आबांच्याच नावानं डिमॅट खातं उघडायला बसलो. ओटीपी त्यांच्या बटणाच्या फोनवर आला.

"आबा, नंबर सांगा."

आबांनी फोन बंडीच्या खिशात घातला. "बँकेतल्या बाईनं बजावलंय, कुणालाबी सांगायचा न्हाय."

"अहो, मी पोरगा आहे तुमचा!"

"कुणालाबी म्हंजी तुलाबी."

लई भांडलो. तोंडावर अडाणी म्हणालो. आबा हलले न्हाईत.

पुढं तो शेअर असा आपटला की रोज भाव खाली आणि घेणारा कुणी न्हाय. काकांचे पैसे अडकले ते अडकलेच. धाकटीची फी मात्र वेळेवर भरली. त्या दिवशी मी मनापासून बापाच्या पाया पडलो. म्हणालो, "आबा, तुम्ही वाचवलं."

आबा हळूच म्हणाले, "लेका, मेसेज कसा उघडायचा तेच मला येत नव्हतं. तुझ्यासमोर कसं सांगू?"