सुमेधचा ब्रेक लागला होता

सर्वांना जय भीम, नमस्कार.

भोकरहून, अहमदपूरहून, लातूरहून आपण सगळे आलात. मागं काही माणसं उभी आहेत. पुढं सतरंजीवर जागा आहे, बसून घ्या. मला बोलता येत नाही. मी बँकेत काचेमागं बसतो, आणि कामाला लागतील तेवढेच शब्द वापरतो. पण सुमेधच्या आईनं मला बोलायला सांगितलं. त्यांना मी मावशी म्हणतो. मावशींना नाही म्हणता आलं नाही, म्हणून उभा आहे. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

आत्म्याला शांती लाभो असं मी म्हणणार नाही. या घरात तसं म्हणत नाहीत, आणि सुमेधनं तर मला तिथंच अडवलं असतं.

सुमेध अहमदपूरला कॉलेजात गणित शिकवायचा, हे आपल्याला माहीत आहे. रविवारी तो डोंगरावरून सायकलनं खाली यायचा, हेही माहीत असेल. डांबरी रस्त्यानं नाही. दगडगोट्यांच्या पायवाटेनं. आम्हा दोन-चार जणांना त्यानंच हा नाद लावला.

बंधू-भगिनींनो, मयतीच्या दिवसापासून एकच गोष्ट माझ्या कानावर येते आहे. "ब्रेक लागला न्हाई म्हणं." "कशाला पाहिजे होता असला नाद." "चांगला पगारदार माणूस, मोटारसायकल घेऊन फिरावं की." वाईट मनानं कुणी बोलत नाही. माणूस गेला की कारण लागतं. पण हे बोलणं मावशींपर्यंत गेलं. त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "खरं सांग बाळा. त्याच्या नादानंच गेला का माझा लेक? त्याचा ब्रेक लागला न्हाई का?"

त्यांना एवढंच हवं आहे. आपल्या लेकानं आपल्या हातानं जीव घालवला का, एवढंच. म्हणून मी आज ब्रेकबद्दल बोलणार आहे. शोकसभेत हे बरं दिसत नाही. पण सुमेधबद्दल बोलायचं तर ब्रेकबद्दल बोलावंच लागतं.

मी सायकल घ्यायला त्याला घेऊन नांदेडला गेलो होतो. दुकानात मला एक निळी सायकल आवडली. चाकाला चकती होती, चकचकीत. मी म्हणालो, हीच घेऊ, डिस्क ब्रेक आहे.

सुमेध म्हणाला, "डोंगर उतरायचाय का दूध घालायचंय?"

मी म्हणालो, "चकती तर आहे की."

"चकती दिसली की झालं व्हय? हा वायरचा ब्रेक हाय. उतारावर दाबून दाबून बोटं सुजतील तुझी. मग पेन कशात धरशील?"

दुकानदार हसला. म्हणाला, "सर, गिऱ्हाईक पळवून लावू नका."

सुमेध त्यालाही म्हणाला, "गिऱ्हाईक जिवंत राहिलं तर परत येईल ना, मालक."

मग त्यानं मला ब्रेक कसा निवडायचा ते शिकवलं. वर्गात शिकवायचा तसंच. आधी उतार किती लांब आहे ते सांग. मग तुझं वजन सांग, पाठीवरच्या पिशवीसकट सांग, खोटं सांगू नको. लांब उतारावर चकती तापते. लहान चकती लवकर तापते, आणि तापली की ब्रेक ढिला पडतो, म्हणून पुढची चकती मोठी घ्यायची. चकतीला धरणाऱ्या पॅडच्या मागं पिस्टन असतात. सपाट रस्त्याला दोन पुरतात, डोंगराला चार पाहिजेत. पॅड धातूचे घ्यायचे. आवाज करतात, पण आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत तेच टिकतात.

आणि ब्रेक तेलाचा घ्यायचा. यावर आमचं बरंच चाललं. काही ब्रेकमध्ये वेगळंच तेल लागतं, ते बाहेरून मागवावं लागतं. काही ब्रेकमध्ये मोटारसायकलचं ब्रेक ऑइल चालतं. सुमेध म्हणाला, "जे तेल अहमदपूरला मिळत न्हाई, त्याचा ब्रेक घ्यायचा न्हाई. रविवारी तेल गळालं तर पुण्याला फोन लावत बसशील का? आणि एकातलं तेल दुसऱ्यात कधी घालू नको. आतले रबर फुगतात. मग ब्रेक गेलाच समज." हे सगळं पुस्तकात मिळेल. पण मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तेल मिळतं का हे आधी बघायचं, ते पुस्तकात नसतं. तो स्वतः जाऊन तीन दुकानांत विचारून आला होता.

नवा ब्रेक बसवून त्यानं मला लगेच डोंगरावर जाऊ दिलं नाही. कॉलेजमागच्या साध्या उतारावर नेलं. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, सोडायचा, पुन्हा वेग घ्यायचा. संध्याकाळपर्यंत हेच. मी कंटाळलो. तो म्हणाला, "पॅड आणि चकतीची ओळख होऊ दे. लग्न ठरल्या ठरल्या संसाराला लावतो का कुणी?"

घरी मावशींनाही त्यानं ताकीद दिली होती. सायकल कुईकुई करते म्हणून एकदा मावशी तेलाची वाटी घेऊन निघाल्या होत्या. सुमेध जेवणावरून उठून धावला. "माय, पाया पडतो तुझ्या, चकतीला तेल लावू नको. तेल लागलं तर ती थांबणारच न्हाई." मावशी म्हणाल्या, "मग वरडू दे तिला. लोक म्हणतील मास्तरच्या सायकलला तेल मिळंना." त्यानंतर त्या सायकलीवरची धूळसुद्धा लांबूनच झटकायच्या.

असा माणूस होता. आता त्या दिवसाचं सांगतो.

आमची पायवाट डोंगर उतरून घाटाच्या रस्त्याला मिळते. सुमेध पुढं होता, मी मागं. नेहमी तसंच असायचं. मी रस्त्यावर आलो तेव्हा मला आधी त्याची सायकल दिसली. ती पडलेली नव्हती. ती कठड्याला टेकवलेली होती, चकतीला धक्का लागणार नाही अशी. तो कधीच सायकल जमिनीवर टाकायचा नाही. चकती वाकते म्हणून. रस्त्यावर घसरल्याची खूण नव्हती. हँडल सरळ होतं. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.

त्याचा ब्रेक लागला होता. मी आपल्या सर्वांसमोर हे सांगतो. उतारावरून येताना त्याला थांबायचं होतं, आणि जिथं थांबायचं होतं तिथं तो थांबला.

तो का थांबला तेही सांगतो. उसाचा ट्रॅक्टर चढावर बंद पडला होता; हे ट्रॅक्टरवाल्यानंच नंतर सांगितलं. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्यानं पाय ब्रेकवर ठेवला होता आणि तो हाक मारत होता, "दगड लावा हो कुणीतरी." आपण काय करतो अशा वेळी? गाडी बाजूला लावतो आणि दगड शोधतो. इथं बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी हे केलेलं आहे. मी केलेलं आहे. सुमेधनं तेच केलं. मोठा दगड उचलला आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकापाशी वाकला. त्याच वेळी दोन ट्रॉल्यांना जोडणारी पिन तुटली आणि भरलेली ट्रॉली मागं त्याच्यावर आली.

ट्रॅक्टरवाल्याबद्दल मला काही बोलायचं नाही. मी पोचलो तेव्हा तो रस्त्यावर बसून होता, सुमेधचं डोकं मांडीवर घेऊन. "मास्तर, डोळे उघडा" एवढंच म्हणत होता. मी त्याला ऊठ म्हणालो, त्याला ऐकूच आलं नाही.

पण एक विचारतो. ट्रॉलीला ब्रेक का नसतो? ट्रॅक्टरला असतो. मोटारसायकलला असतो. माझ्या सायकलला दोन आहेत, आणि ते निवडायला त्यानं माझा अख्खा रविवार घेतला. मग एवढा ऊस भरलेल्या ट्रॉलीला का नाही? आमच्याही घरी, रेणापूरला, ट्रॉली आहे. तिलाही ब्रेक नाही. तिचा दगड ट्रॅक्टरच्या सीटमागं ठेवलेला असतो. सुमेध गेल्यावर मी वडिलांना हे बोललो. ते म्हणाले, "सगळ्यांच्याच अशाच हायत रे. कारखाना काय थांबतोय का आपल्यासाठी?" दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरून गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. मीही थांबवली नाही. कशी थांबवणार?

इथं येतानाही रस्त्यात ट्रॉल्या दिसल्या. गाणी लावलेली होती. काही बदललेलं नाही, आणि बदलेल असं मला वाटत नाही. खोटी आशा मी आपल्याला देणार नाही. डोंगरावर मी परत जाईन असंही वाटत नाही. त्याच्याशिवाय तिथं मला करण्यासारखं काही नाही.

मावशींना मी हे सगळं सांगितलं. कठड्याला टेकवलेली सायकल, दगड, सगळं. म्हणालो, मावशी, तो नादानं गेला नाही. त्याचा ब्रेक अगदी बरोबर लागला होता. मला वाटलं, हे ऐकून त्यांना थोडं तरी बरं वाटेल.

त्या म्हणाल्या, "म्हंजे लागला नसता तर खाली निघून गेला असता ना रे तो?"

मावशी इथं पुढंच बसल्या आहेत. नंतर आपण त्यांना भेटायला जाल, तेव्हा ब्रेक लागला नाही असं म्हणू नका. ब्रेक चांगला होता असंही म्हणू नका. नुसतं जवळ बसा.

सुमेध, माझी अखेरची वंदना घे.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. मावशी, तुम्ही बसूनच राहा.