व्याह्यांचा मनोरा

मुलीच्या बापाला लाकडी ठोकळ्यांतसुद्धा जिंकता येत नाही, हे मला या सुट्टीत कळलं. खेळ साधा आहे. ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एक ठोकळा हळूच काढून वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा पडेल तो हरला. आमची नात सई पुण्याहून लातूरला आलेली, आणि तिला न्यायला नांदेडहून व्याही हजर. सईनं पैज लावली, "जो जिंकेल, त्याच आजोबांकडे मी सगळी सुट्टी राहणार."

ती दोघांनाही हवी होती. मनोरा डुलायला लागला तशी आमची ही कानाशी कुजबुजली, "अहो, मुलाकडच्यांना हरवता? काही रीत आहे की नाही?"

मी रीत पाळली. सगळ्यात खालचा ठोकळा खसकन ओढला, वर नेऊन आपटला. मनोरा उभाच! हरण्यासाठी एवढे कष्ट मी नोकरीतही घेतले नव्हते.

व्याही कळवळले. "तुमच्या घरी येऊन तुमालाच हरवू व्हय?" म्हणत त्यांनी टेबलाला कोपर मारलं. ठोकळे घरभर.

"म्या हरलो," व्याही म्हणाले.

"छे हो, धक्का माझाच लागला."

"न्हाई न्हाई, माझाच!"

सई शांतपणे उठली. "दोघंही हरलात. मी चालले उदगीरला, आत्याकडे."

मग व्याह्यांनी बाह्या सरसावल्या.

"मानपान गेला खड्ड्यात, व्याही. लावा ठोकळे!"