तात्यांचा फोन दुपारीच का बंद पडायचा

तुमाला सांगतो, आमच्या काकूनं तात्यांच्या जुन्या फोनचं तेरावं घालायचंच बाकी ठेवलं होतं. तात्या, म्हंजे माझे चुलते, शिरूर कासारच्या माळावर शेळ्या चारतेत. फोन रोज दुपारी बंद पडायचा, अन् काकू घाबरायची. "एकटं माणूस रानात, इच्चूकाटा चावला तर कळंल कसं?"

शेवटी मीच तात्यांना घेऊन मोबाईलच्या दुकानात गेलतो. दुकानदारानं ब्याटरी हेल्थ तपासली.

"ब्याटरी ठणठणीत हाय की! पण सकाळपासनं एकच व्हिडिओ चालतोय, मग दुपारीच चार्जिंग संपतंय."

मी विचारलं, "कसला व्हिडिओ, तात्या?"

"तुझंच भाषण. सरपंचाच्या इलेक्शनचं."

मला भरूनच आलं. त्या सभेतून अर्धं गाव मधीच उठून गेलतं, अन् पुढं मी पडलोबी. "इतकं आवडलं व्हय?"

"आवडायचं काय त्यात? माणूस वरडतोय म्हणल्यावर लांडगा जवळ येत न्हाई. फोन बाभळीला टांगायचा अन् निवांत डोळा लावायचा. आजवर एक शेळी गेली न्हाई."

काकूला फोन करून सांगितलं. "झोपतेत व्हय! मी हितं देव पाण्यात घालून बसते!" ती वरडली, पण आवाजात जीव आलता.

दुकानाबाहेर तात्या हळूच म्हणले, "पुढच्या टायमाला उभा राहिलास तर जरा लांब बोल. लई लवकर संपतंय, झोपेतून उठून परत लावावं लागतंय."